पहाडी ब्रूपबमधला माळवा

नंदादेवीची उंची ७,८१६ मीटर आहे. ज्या ब्रूपबविषयी, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबविषयी, मी हे लिहीत आहे, तिथल्या मेनूकार्डावर ती ७,१८६ मीटर अशी छापलेली आहे, आणि त्या शिखराच्या नावाने जी लागर मिळते ती सबंध यादीतली सर्वांत हलकी बिअर आहे. आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवल्यामुळे आकड्यांची अशी अदलाबदल दिसली की माझा हात आपोआप लाल पेन शोधू लागतो. पण त्या संध्याकाळी पर्समध्ये पेन नव्हते आणि सहा छोट्या ग्लासांची लाकडी फळी टेबलावर येऊन ठेपली होती, म्हणून ती चूक तशीच राहिली.

जागेचे नाव मी देत नाही. एका संध्याकाळच्या अनुभवावरून कोणाच्या धंद्याला नावे ठेवणे मला बरे वाटत नाही. जागा इंदूरच्या बायपासकडची, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरची. मध्य प्रदेशाच्या २०२२-२३ च्या अबकारी धोरणाने इंदूर आणि भोपाळमध्ये मायक्रोब्रुअरीला वाट मोकळी केली, तेव्हापासून जागेवरच बनवलेली ताजी बिअर प्यायला पुण्याला किंवा बंगळुरूला जाण्याची गरज उरलेली नाही. या ठिकाणाने स्वतःला पहाडी म्हणवून घेतले आहे. लिफ्टचे दार उघडले की समोरची संपूर्ण भिंत हिमशिखरांच्या छायाचित्राने व्यापलेली दिसते, छताला देवदाराचा भास देणाऱ्या पट्ट्या आहेत, खिडक्यांच्या कडांना बर्फ म्हणून कापूस चिकटवलेला आहे, आणि बाहेर जानेवारीची बोचरी थंडी असतानाही आतले वातानुकूलन इतके कडक होते की जाऊबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला. वाढपी मुलांच्या डोक्यांवर कुल्लूच्या टोप्या आहेत. आमच्या टेबलाचा मुलगा बडवानीकडचा, घरी निमाडी बोलणारा; टोपी त्याच्या मापाची नसल्यामुळे ऑर्डर लिहून घेताना दर दोन ओळींनंतर तो ती मागे सारत होता.

आम्ही चौघे होतो: मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि जाऊबाई. जाऊबाई दारूला शिवत नाहीत, त्यामुळे गाडी त्यांच्याकडे आणि त्यांच्यामुळे आमची काळजी मिटलेली. रक्तात दर १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की वाहन चालवणे गुन्हा ठरते, आणि फळीवरच्या सहा ग्लासांनंतर आपण त्या मर्यादेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, याचा अंदाज बांधण्याच्या फंदात कोणी पडू नये. यजमानांनी आजवर बाटलीतली बिअरच काय ती प्यायलेली. भाऊजींना मात्र या विषयाची आवड आहे, पण ती आवड त्यांच्या बोलण्यात ज्ञानापेक्षा थोडी पुढे धावते.

कार्डाच्या पहिल्या पानावर ‘पहाडी पद्धतीची बिअर’ असे लिहिलेले आहे. हा दावा तपासून पाहण्याजोगा आहे, कारण डोंगर आणि बिअर यांचा संबंध नुसत्या सजावटीचा नाही. एडवर्ड डायर याने १९व्या शतकात कसौलीला ब्रुअरी काढली ती तिथल्या थंड हवेसाठी आणि झऱ्याच्या पाण्यासाठी. (जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा डायर हा याच एडवर्डचा मुलगा, ही गोष्ट कसौलीचे गुणगान करताना सहसा सांगितली जात नाही.) पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याचे शीतयंत्र म्युनिकच्या ब्रुअरीत बसले आणि थंडीसाठी डोंगर चढण्याची गरज हळूहळू संपली. उंचीचा दुसरा परिणाम उकळण्यावर होतो. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंश सेल्सिअसला उकळते; इंदूर ५५० मीटरच्या आसपास असल्याने इथे ते ९८ अंशांना उकळते. बिअरचा कडवटपणा हॉप्स या वेलीच्या फुलांमधल्या आम्लांतून येतो, पण ती आम्ले उकळत्या काढ्यात रूप बदलतात तेव्हाच, आणि तापमान कमी पडले की हा बदल मंदावतो. ज्या कारणाने डोंगरावर डाळ शिजायला उशीर लागतो, जवळपास त्याच कारणाने तिथल्या ब्रुअरला हॉप्स जास्त घालावे लागतात किंवा काढा जास्त वेळ उकळत ठेवावा लागतो. म्हणजे ‘पहाडी पद्धत’ असे काहीतरी असू शकते. मात्र ती बायपासच्या बाजूला पाचव्या मजल्यावर असू शकत नाही.

बिअर बनवणारा तरुण काचेच्या भिंतीपलीकडे, स्टीलच्या टाक्यांमध्ये वावरत होता. आम्ही मराठीत बोलत असल्याचे ऐकून तो स्वतःहून टेबलाशी आला, आणि मी उकळबिंदूचा विषय काढताच हसून म्हणाला, “काकू, पहाड मालकांचा, बिअर तेवढी माझी.” या एका वाक्यासाठी मी त्या जागेचे निम्मे दोष माफ केले. उरलेल्या निम्म्यांविषयी पुढे लिहिते.

त्याच्याकडून कळलेली पहिली गोष्ट पाण्याची. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि जगातल्या अनेक बिअरशैली त्या त्या गावच्या पाण्यातून जन्माला आलेल्या आहेत. बोहेमियातल्या प्लझेन या गावचे पाणी अतिशय मृदू, म्हणून १८४२ मध्ये तिथे पिल्सनर जमली. इंग्लंडच्या बर्टनचे पाणी जिप्समयुक्त, म्हणून तिथल्या एल नावाच्या कडवट बिअरला धार आली. इंदूरला नर्मदेचे पाणी येते ते खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून आणि विंध्याचा चढ पंपांनी चढून. आमच्या पिढीने नळाला नर्मदा येण्याआधीचे दिवस पाहिले असल्यामुळे त्या पाण्याविषयी आम्ही जरा हळवे आहोत. हा तरुण ते पाणी आधी आरओ यंत्रातून काढतो आणि मग ज्या बिअरला जे क्षार हवेत ते मोजून परत घालतो. यातली एक गंमत अशी, की जलूदच्या शेजारचे मंडलेश्वर हे १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी लागू झालेल्या धार्मिक स्थळांपैकी एक आहे. म्हणजे पाणी ज्या परिसरातून निघते तिथे दारूबंदी आणि जिथे पोहोचते तिथे त्याची बिअर.

आता ग्लासांकडे वळते. पहिला नंदादेवीचा, म्हणजे लागरचा. रंग सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसणारा; पहिला घोट घेतल्यावर यजमान म्हणाले, “छान आहे, लोण्यासारखी लागते.” त्यांना ती आवडली आणि दोष नेमका तिथेच होता. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नला जो लोण्याचा वास येतो, तो डायअ‍ॅसिटिल नावाच्या पदार्थाचा. किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, चालू असताना यीस्टमुळेच तो तयार होतो आणि किण्वन संपत आले की यीस्ट तो परत गिळून टाकते, मात्र त्यासाठी तिला दोन-तीन दिवसांची थोडी ऊब आणि नंतर काही आठवड्यांची थंड विश्रांती द्यावी लागते. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवण असा आहे. मी विचारले तेव्हा त्या तरुणाने आढेवेढे न घेता सांगितले, की वर्षअखेरच्या गर्दीत टाकी रिकामी करून हवी असल्यामुळे ही लागर अठराव्या दिवशीच काढावी लागली. त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले, पण ग्राहकाने ३५० रुपये देऊन ब्रूपबच्या टाक्यांची टंचाई पिण्याचे कारण नाही. लोणी पोळीवर चांगले.

फळीवरचा दुसरा ग्लास बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा होता, आणि हे परीक्षण लिहायला बसण्याचे खरे कारण तो ग्लास आहे. या शैलीला विटबिअर म्हणतात. तिच्यात मोड न आणलेला कच्चा गहू असतो, ठेचलेले धणे असतात आणि संत्र्याची साल असते. बेल्जियमच्या होगार्डन गावात ही शैली नामशेष झाली होती. पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६०च्या दशकात ती पुन्हा बनवायला घेतली. इथल्या विटबिअरमध्ये गहू आहे तो माळव्याचा लोकवन, धणे आहेत ते गुना जिल्ह्यातल्या कुंभराजच्या मंडीतले, आणि साल नागपुरी संत्र्याची. ज्या तीन गोष्टी आमच्या स्वयंपाकघरात एरवीही असतात, त्यांतून बाहेर पडणारा हा वास पहिल्यांदा नाकाशी आला तेव्हा मला माझ्या सासूबाईंच्या गोड्या मसाल्याची आठवण झाली, त्यातही धणे तव्यावर तडतडू लागतात त्या क्षणाची. रंग फिका, ढगाळ, पिठुळ. गव्हातली प्रथिने आणि यीस्ट तरंगत राहत असल्याने ती अशी दिसते, यात बिघाड काही नाही. धण्यातले लिनालूल हे सुगंधी द्रव्य हॉप्समध्येही असते, त्यामुळे दोन्हींचा सुगंध एकमेकांत मिसळतो आणि कुठे एक संपून दुसरा सुरू होतो ते कळत नाही. संत्र्याची साल वापरताना आतला पांढरा भाग आला की बिअर कडू होते, म्हणून बिअर बनवणारा तो तरुण सालीचा फक्त वरचा केशरी थर किसून घेतो, आणि ती उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांतच घालतो, नाहीतर सगळा सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघराला मिळतो आणि पिणाऱ्याला काही उरत नाही. आम्ही या बिअरचे मोठे ग्लास मागवले. दुसऱ्या ग्लासालाही ती पहिल्याइतकीच टवटवीत होती, ही माझ्या मते बिअरची खरी परीक्षा. पहिल्या घोटाला चमकणाऱ्या पुष्कळ असतात.

या बिअरला कार्डावर हिमालयातल्या एका खिंडीचे नाव दिलेले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटले. मध्य प्रदेशाचे सर्वोच्च शिखर पचमढीचे धूपगड आहे, उंची जेमतेम १,३५० मीटर. चंबळेचा उगम आमच्या महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर आहे. गहू माळव्याचा, धणे गुन्याचे, आणि नाव मात्र उसने.

तिसरा ग्लास जर्मन हेफेवायझनचा, म्हणजे पुन्हा गव्हाचा, पण इथे गव्हालाही मोड आणलेले असतात आणि जर्मनीच्या नियमाने त्याचे प्रमाण निम्म्याहून कमी चालत नाही. या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळ्याचा वास देणारे एस्टर मी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून बनवून घेतले आहे, आणि अख्खी प्रयोगशाळा शिकरणासारखी दरवळू लागली की शिपाई दार लावून घेत असे. इथे केळे अंमळ जास्त होते आणि लवंग अंमळ कमी. वाईट नव्हती. मात्र कार्डावर याच पानाच्या तळाशी ‘आमच्या सर्व बिअर १५१६ च्या जर्मन शुद्धता-नियमानुसार’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि बव्हेरियाच्या त्या नियमाने बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी या तिघांनाच परवानगी दिली होती. गहू त्यात बसत नाही. धणे आणि संत्रे तर नाहीच नाही. ज्या बिअरने मला सर्वांत अधिक आनंद दिला, तीच या घोषणेनुसार बेकायदा ठरते.

आयपीएबद्दल, म्हणजे इंडिया पेल एलबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण तिच्यात लिहिण्यासारखे फार नव्हते. नावात भारत असलेली ही बिअर इंग्लंडमध्ये बनून जहाजाने इकडे येत असे. तिचा जीव हॉप्सच्या ताज्या सुगंधात असतो, आणि तो सुगंध इथे उडून गेलेला होता. मागे राहिला होता कोरडा कडवटपणा आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी एक छटा. हॉप्सच्या गोळ्या अमेरिकेहून हवाबंद पाकिटांत येतात, आणि पाकीट एकदा उघडले की ते थंडीत ठेवून लवकर संपवावे लागते. आपल्या देशात हॉप्स पिकतात ते मुख्यतः हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. भिंतीवर हिमालय लावणाऱ्यांनी निदान हॉप्स तरी तिथून आणावेत, असे मी म्हणाले तेव्हा भाऊजींनी गंभीरपणे विचारले, “वहिनी, हॉप्स आणि भांग एकाच कुळातले ना?” आहेत. या एका बाबतीत त्यांचे ज्ञान आवडीच्या बरोबरीने धावले.

स्टाउट, म्हणजे काळी बिअर, उत्तम होती, पण ते कळायला वीस मिनिटे लागली. तिला बर्फाचा थर चढलेल्या ग्लासात आणून दिली होती, आणि इतक्या थंडीत जीभ बधिर होऊन भाजलेल्या सातूची चव हरवते. ग्लास हातात धरून ऊब दिली तेव्हा कॉफी, किंचित गूळ, आणि शेवटी चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाच्या जळक्या दाण्यासारखी एक खमंग कडू चव वर आली. गोठवलेल्या ग्लासांची ही हौस सोडून द्यावी अशी माझी व्यवस्थापनाला विनंती आहे. त्याच्या बर्फकणांवर फेस नको तितका उसळतो आणि बर्फ वितळून बिअर पाणचट होते ते वेगळेच. एका ग्लासाला भांड्यांच्या साबणाचा वासही होता. सांगितल्यावर तो विनातक्रार बदलून मिळाला. सफरचंदाची सायडर गोड होती, डबाबंद रसाइतकी गोड, आणि तिच्याबद्दल याहून अधिक लिहिणे जागेचा अपव्यय ठरेल.

न पिणाऱ्यांसाठी यादीत चार-पाच रंगीत सरबते आहेत. जाऊबाईंनी आल्याचे घेतले, ते जागेवरच आंबवलेले निघाले, नाकाला झिणझिण्या आणणारे आणि अजिबात गोडमिट्ट नसलेले. त्यांनी दोन घेतली.

खाण्यात पहाड आणि माळवा यांची ही ओढाताण अधिक उघड दिसते. पहाडाच्या बाजूने सिड्डू होता. हिमाचलात हा गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा, आत अक्रोड किंवा खसखस भरलेला आणि वाफवून तुपाबरोबर खायचा पदार्थ आहे. इथे तो कोरडा पडलेला, मध्यभागी पिठूळ राहिलेला असा आला. तूप वाटीत तळाशी थिजलेले. ज्या घरात पिंपभर जिवंत यीस्ट खेळते आहे, त्या घरची आंबवलेली पोळी अशी असावी हे मला पटले नाही. थुक्पा, म्हणजे नूडल्सचे तिबेटी सूप, खारट. पहाडी कबाब कोथिंबीर-पुदिन्याच्या हिरव्या वाटणातला, चव ठीक, पण टेबलावर येईपर्यंत गार झालेला.

माळव्याच्या बाजूने गराडू आला. जे इंदूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते, की गराडू हा हिवाळ्यात मिळणारा कंद आहे; सराफा बाजारात रात्री त्याचे तुकडे एकदा मंद आणि मग पुन्हा कडक तेलात तळतात, वरून जीरावन हा मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. सोलताना हाताला खाज सुटते, आणि खाताना तिची आठवणही राहत नाही. इथे तो काड्यांच्या आकारात कापून, दोनदा तळून, जीरावनासकट एका पत्र्याच्या बादलीत आला. बाहेरचा पापुद्रा कडक, आत रताळ्यापेक्षा कमी गोड आणि बटाट्यापेक्षा चिवट असा मऊपणा. जीरावनातला हिंग, काळे मीठ आणि आमचूर यांचा त्या विटबिअरशी जो संवाद जमला, तो फ्रेंच फ्राईजशी कधीच जमला नसता. तीन बादल्या संपल्या. भुट्ट्याचा कीस मात्र त्यांनी भाजलेल्या पावाच्या चौकोनी तुकड्यांवर थापून वर चीज घातले आहे. दुधात शिजलेल्या मक्याचा गोडवा चीजखाली गुदमरतो आणि पाव ओला होतो. छप्पन दुकानला किंवा सराफ्यात द्रोणात मिळणारा कीस ज्यांनी खाल्ला आहे, त्यांनी हा मागवू नये.

मासा बिअरच्या पिठात घोळवून तळलेला होता आणि तो चांगला जमला होता. पिठातला वायू आणि मद्यार्क तेलात पटकन उडून जातो, त्यामुळे कवच हलके आणि जाळीदार होते. आमच्याकडच्या भज्यांच्या पिठात सोडा घालतात त्याचाच हा सुधारलेला भाऊ. त्याबरोबर दिलेली चटणी बाटलीतली होती.

सगळ्यात अनपेक्षित पदार्थ मात्र फुकट आला. बिअरबरोबर एका वाटीत गडद तपकिरी, वेड्यावाकड्या कडांच्या कुरकुरीत चकत्या ठेवलेल्या होत्या. जाऊबाईंनी एक तोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, “अहो वहिनी, ही तर भाजणी!” ती भाजणी नव्हती, पण त्यांचे नाक खोटे बोलत नव्हते. बिअर करताना मोड आणलेला सातू गरम पाण्यात भिजवतात, त्यातली साखर पाण्यात उतरते आणि मागे चोथा राहतो. त्या चोथ्यात कणीक, ओवा आणि तीळ घालून या चकत्या भाजलेल्या होत्या. माल्ट म्हणजे काय हे मराठी घरात समजावून सांगायला मुळात अवघड नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण बाळाला सत्त्व करून देतो, तेव्हा त्या मोडातली विकरे पिष्टाची साखर करतात, म्हणूनच सत्त्वाची पेज पातळ आणि गोडसर होते. ब्रुअरही तेच करतो. फरक इतकाच, की पेज तयार झाल्यावर तो ती बाळाला न देता यीस्टला देतो. या चकत्या यादीत नाहीत, त्यांना किंमत नाही, आणि माझ्या मते स्वयंपाकघराने त्या संध्याकाळी केलेले ते सर्वोत्तम काम होते.

सेवेविषयी तक्रार एकच, आणि ती मुलांविषयी नाही. बिलात दहा टक्के सेवाशुल्क आधीच जोडून आले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाला ते आपणहून बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. मी हे शांतपणे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी वाद न घालता ते काढून टाकले, यावरून त्यांना नियम ठाऊक असावा असे दिसते. तेवढीच रक्कम आम्ही बडवानीच्या त्या मुलाच्या हातात ठेवली. सहा ग्लासांची फळी ६५० रुपयांना आहे, विटबिअरचा मोठा ग्लास ४५० ला, गराडू २८० ला. रात्री नऊनंतर संगीत इतके मोठे होते की शेजारच्याशी बोलण्यासाठी टेबलावर वाकावे लागते. बोलत बसायचे असेल तर सातच्या सुमारास जावे, काचेच्या भिंतीजवळचे टेबल मागावे, आणि हिमालयाकडे पाठ करून बसावे. तिथून टाक्या दिसतात.

निघताना जाऊबाईंनी त्या तरुणाकडे थोडा चोथा मागितला. त्याला नवल वाटले, पण त्याने दोन डबे भरून दिले आणि बजावले, “काकू, फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत आंबेल.” घरी पोहोचेपर्यंतच तो किंचित आंबूस झाला होता. रात्री त्यांनी तो ताटात पसरून पंख्याखाली ठेवला, सकाळी कढईत कोरडा भाजला, मिक्सरमधून काढला आणि निम्म्याला निम्मी भाजणी घालून थालीपीठ थापले. चव खमंग, पण सातूची टरफले भाऊजींच्या दातांत अशी अडकली की ते दुपारपर्यंत काडी घेऊन बसले. दुसऱ्या डब्याला एक भाग चोथा आणि तीन भाग भाजणी घेतली, पीठ चाळून घेतले, आणि मग ते जमले.